मंडळाचे पैसे कुठे ठेवायचे?

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या सहाजणी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या महिला मंडळाची नुकतीच नोंदणी झाली होती. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलं होतं, त्याला फक्त हार घालायचाच काय तो राहिला होता. चहा होता होता मी सहज विचारलं, "खातं कुठे काढताय?"

झालं! सहाजणींची सहा मतं. एक म्हणाली, "कोपऱ्यावरच्या बँकेत. रस्तासुद्धा ओलांडायला नको." दुसरी म्हणाली, "आमच्या मिस्टरांचे मित्र मॅनेजर आहेत, ते सगळं करून देतील." तिसरी म्हणाली, "तोवर माझ्याच खात्यात ठेवू ना, मी काय पळून जाणार आहे?" चौथी जरा दबकत म्हणाली, "आमच्या चुलत दिरांची पतसंस्था आहे. ते दीड टक्का व्याज जास्त देतात. मंडळाचा फायदाच होईल."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. कारण हे वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, काही वर्षांपूर्वी मी स्वतः आमच्या मंडळाच्या सभेत उच्चारलं होतं. फरक एवढाच की चुलत दिरांच्या जागी माझे मावसभाऊ होते.

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो. पदर उलटून बघतो, रंग जाईल का विचारतो. पण ज्या पैशावर आपला एकटीचा हक्क नाही, जो दहा जणांनी विश्वासाने आपल्या हाती दिला आहे, तो कुठे ठेवायचा हे आपण पाच मिनिटांत ठरवून टाकतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. थोडं कानाला रुक्ष लागेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमची गोष्ट

आमचं मंडळ छोटं. गावात एकट्या राहणाऱ्या चौदा आज्यांना दुपारचा डबा पोचवायचा, एवढंच आमचं काम. कुणाची मुलं पुण्या-मुंबईला, कुणाला कुणीच नाही. दोन बायका स्वयंपाक करतात, एक मुलगी सायकलवरून डबे पोचवते. हे सगळं लोकांच्या देणग्यांवर चालतं. कुणी वडिलांच्या श्राद्धाला हजार रुपये देतं, कुणी नातवाच्या बारशाला पाचशे. एका निवृत्त नर्सताईंनी तर आईच्या स्मरणार्थ एक्कावन्न हजार दिले होते.

ते सगळे पैसे आम्ही मावसभावाच्या पतसंस्थेत ठेवले. व्याज जास्त, शिवाय घरचा माणूस. दारावर 'ऑडिट वर्ग अ' असा बोर्डही होता. सभेत फक्त एकीने विरोध केला, आमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिका, आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, "अगं, ही बँक नाही. बुडाली तर विचारायचं कुणाला?" आम्ही त्यांना हसलो. मी तर जरा लागेल असंच बोलले, "बाई, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतात."

पुढचं सांगायला नकोच. कर्जं थकली, संचालकांची भांडणं झाली आणि एका सोमवारी दाराला कुलूप. आमचे दोन लाख चाळीस हजार आत होते. महिन्याचा किराणा दुसऱ्या दिवशी भरायचा होता.

डबे बंद पडले नाहीत, कारण आम्ही ते आपापल्या स्वयंपाकघरातून दिले. सात महिने! कुणाकडची भाजी, कुणाकडच्या पोळ्या. पण नर्सताईंच्या घरी जाऊन त्यांना सांगायची वेळ आली, ती मी जन्मात विसरणार नाही. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आईचे पैसे होते हो." आजवर त्यातले फक्त अडतीस हजार परत मिळाले आहेत.

नंतर कपाटातून जुने ऑडिट रिपोर्ट काढले, तेव्हा कळलं की आमच्या ऑडिटरनं सलग दोन वर्षं शेरा मारला होता, 'निधी कायद्याला मान्य असलेल्या ठिकाणी ठेवलेला नाही.' आम्ही तो रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात भरला, फाईल केला, पण वाचला कुणी?

बँक आणि पतसंस्था

ही चूक फक्त आमचीच, असं मात्र नाही. छोट्या गावात पतसंस्था आणि बँक यांच्या पाट्या सारख्याच दिसतात. तेच काउंटर, तेच पासबुक, तीच पिग्मी गोळा करणारी माणसं. पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते.

दुसरा फरक विम्याचा. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी ह्या रिझर्व्ह बँकेच्या महामंडळाचा विमा असतो. १९९३ पासून तो एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचा झाला. राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो, नागरी सहकारी असो की जिल्हा मध्यवर्ती, सगळ्या बँकांना तो आहे. त्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला काही द्यावं लागत नाही. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. दीड टक्का जास्त व्याज मिळतं ते ह्या धोक्याचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

पतसंस्था वाईट, असं मला म्हणायचं नाही. कित्येक संस्था चोख चालतात, अडीअडचणीला गावातल्या माणसाच्या उपयोगी पडतात. तुमच्या घरचे पैसे तुम्ही तिथे ठेवलेत तर तो तुमचा प्रश्न. पण मंडळाच्या पैशावर आपल्याला धोका पत्करायचा अधिकारच नाही.

आणि हे फक्त नीतीचं बोलणं नाही, कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. त्याच्या कलम ३५ प्रमाणे, विश्वस्त संस्थेचा जो पैसा लगेच खर्चायचा नाही तो शेड्यूल्ड बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत किंवा राज्य सरकारने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवायचा, नाहीतर सरकारी रोख्यांत गुंतवायचा. शेड्यूल्ड बँक म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जिचं नाव आहे ती. म्हणजे खातं काढण्याआधी पहिला प्रश्न हाच, "तुमची बँक शेड्यूल्ड आहे का? नसेल तर ट्रस्टचे पैसे ठेवायला सरकारी मान्यता आहे का? तो कागद दाखवा." विचारायला लाजू नका. ज्याच्याकडे कागद आहे तो आनंदाने दाखवेल.

पाच लाखांचा हिशेब

विमा आहे म्हणजे झोपा काढायच्या, असंही नाही. तो एका ठेवीदाराला एका बँकेत मिळून पाच लाख, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या तीन शाखांत दोन-दोन लाख ठेवले तर ते सहा लाखच धरतात. दोन वेगळ्या बँकांत ठेवले तर मात्र प्रत्येकीत वेगळे पाच लाख. आणि मंडळाचं खातं हे अध्यक्षाबाईंच्या घरच्या खात्यापेक्षा वेगळं मानलं जातं, ते एकत्र मोजत नाहीत.

बँकेवर निर्बंध आले तर काय होतं ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. ती मर्यादा पुढे वाढत गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. मधली नऊ वर्षं ठेवीदारांनी कशी काढली असतील? फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात रांगा लागल्या, पहिले काही दिवस तर एक रुपयाही काढता येत नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. आणि हे फक्त सहकारी बँकांचंच होतं असंही समजू नका. मार्च २०२० मध्ये येस बँकेसारख्या खासगी बँकेतूनही काही दिवस पन्नास हजारांच्या वर काढता येत नव्हते.

२०२१ मध्ये कायदा बदलला. आता असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत द्यायची असते. चांगलं झालं. पण नव्वद दिवस आमच्या आज्यांनी जेवायचं काय? म्हणून आम्ही आता दोन ठिकाणी पैसे ठेवतो. रोजच्या खर्चाचं खातं जवळच्या बँकेत आणि कायम निधीची मुदत ठेव दुसऱ्या बँकेत. मुदत ठेव एकदम मोठी न करता तीन छोट्या पावत्या केल्या आहेत. अडचण आली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज शाबूत.

बचत खातं मागा

आता बँकेत गेल्यावरची गंमत ऐका. पुष्कळदा काउंटरवरचा मुलगा "संस्था आहे ना, मग करंट खातं" असं म्हणून मोकळा होतो. करंट म्हणजे चालू खातं. त्यावर व्याज मिळत नाही आणि कमीत कमी शिल्लक बरीच ठेवावी लागते. धंदेवाल्यांना बचत खातं देता येत नाही हे खरं. पण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांना, ज्यांचं सगळं उत्पन्न आयकरातून माफ आहे अशा ट्रस्टना आणि बचत गटांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बचत खातं उघडता येतं. आम्हाला हे माहीत नसल्यामुळे नव्या बँकेत पहिली दोन वर्षं आमचे पैसे बिनव्याजी पडून होते. तेवढ्यात दोन महिन्यांचा गहू आला असता.

लगे हाथ बाकीचे खर्चही विचारून घ्या. कमीत कमी शिल्लक किती, ती मोडली तर दंड किती, चेकबुकाचे किती, रोख भरण्याचे किती, मोबाइलवर मेसेज येतो त्याचे किती. संस्थांच्या खात्यांचे दर घरच्या खात्यांसारखेच असतील असं धरून चालू नका. तोंडी उत्तर घेऊ नका, दरपत्रक मागा. दानपेटीतली चिल्लर घेऊन गेल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर हेही लक्षात ठेवा की नाणी घ्यायला बँकेला नाही म्हणता येत नाही.

कागदपत्रं म्हणाल तर नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रं, संस्थेची नियमावली, खातं कुठे काढायचं आणि सह्या कुणाच्या हे लिहिलेला सभेचा ठराव, संस्थेच्या नावाचं पॅनकार्ड आणि सह्या करणाऱ्यांचे आधार-पॅन-फोटो. नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवरची नोंदणीही आता बँका बघतात, ती आधीच करून ठेवा. बचत गटांसाठी मात्र एक सोय आहे. बचत खातं काढताना सगळ्या बायकांची कागदपत्रं द्यावी लागत नाहीत, पदाधिकाऱ्यांची पुरतात. कुणी वीसही जणींना रांगेत उभं केलं तर हे नम्रपणे सांगा.

सही कुणाची?

बँक कितीही चांगली निवडली तरी पैसे बुडवायचे आणखी शंभर मार्ग आहेत. त्यातला राजमार्ग म्हणजे कोऱ्या चेकवर केलेली सही! "मी महिनाभर लेकीकडे चालले, हे घे पाच चेक सही करून ठेवलेत." किती मंडळांत हे चालतं, छातीवर हात ठेवून सांगा. दोन सह्या ठेवायच्या त्या कशाला, तर दुसरीने एकदा कागदाकडे बघावं म्हणून. आधीच सही करून ठेवली तर ती दुसरी सही नुसती शोभेची.

आमची पद्धत आता अशी आहे. तिघींची नावं, त्यातल्या कुठल्याही दोघींच्या सह्या. तिघी एका घरातल्या नकोत. सासू अध्यक्ष आणि सून खजिनदार असेल तर सुनेने प्रश्न विचारायचे कसे? आणि तिघींची मुदत एकदम संपणार नाही असं बघतो. कारण पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्याची मंजुरी आल्याशिवाय काही बँका सह्या बदलत नाहीत. त्यात कित्येक महिने जातात. जुन्यातली एक तरी सही चालू असली की काम अडत नाही.

मोबाइलचंही तसंच. मंडळाच्या खात्याला कुणाचा नंबर जोडलाय? आमच्याकडे आधीच्या खजिनदारबाईंच्या मुलाचा होता. तो बंगलोरला. खात्यात देणगी आली की मेसेज बंगलोरला जायचा! आता मंडळासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं आहे, ते साध्या फोनमध्ये घालून चिटणीसांकडे असतं. दोन सह्यांच्या खात्याला मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय बँका सहसा देत नाहीत, किंवा एकीने भरायचं आणि दुसरीने मंजूर करायचं अशी देतात. त्याबद्दल कुरकूर करू नका, ते आपल्याच भल्याचं आहे. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड मात्र जरूर मागा. तरुण मुलं हल्ली खिशात पैसे ठेवतच नाहीत. शिवाय दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला आयकरात सूट मिळत नाही. तेव्हा देणगी बँकेतूनच येऊ दे.

"माझ्याच खात्यात ठेवू"

आता त्या तिसरीचं बोलणं. "तोवर माझ्या खात्यात ठेवू." हे बोलताना तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण आमच्या ओळखीतल्या एका भजनी मंडळाचं ऐका. पैसे खजिनदारबाईंच्या स्वतःच्या खात्यात होते. त्या अचानक गेल्या. खात्यावर वारस म्हणून मुलाचं नाव होतं. मुलगा म्हणाला, "आईच्या खात्यात होते म्हणजे आईचे." मंडळाकडे एका वहीपलीकडे पुरावा नव्हता. वीस वर्षांची मैत्री त्या साठ हजारांवरून तुटली, आणि जी बाई जन्मभर पै न् पै जपत आली तिच्याबद्दल गावात नको ते बोललं गेलं. संस्थेच्या नावाचं खातं हे संस्थेचं रक्षण करतं तसंच ते खजिनदाराच्या अब्रूचंही रक्षण करतं.

परदेशातले नातलग

हल्ली प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी परदेशात आहे. आमच्या एका सभासदाची बहीण अमेरिकेत असते. तिला पाचशे डॉलर पाठवायचे होते. आम्ही हरखून गेलो, पण ऑडिटरांनी हात जोडले. ती आता अमेरिकेची नागरिक आहे, त्यामुळे तिची देणगी कायद्याने परकीय देणगी ठरते. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावातल्या खात्यात थेट घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईत नोकरी करत असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. म्हणून "कुठे राहतो" यापेक्षा "पासपोर्ट कुठला" हे आधी विचारा, आणि त्याची प्रत फायलीला लावा. भावनेच्या भरात आलेले डॉलर पुढे फार महागात पडतात.

काउंटरपलीकडचा माणूस

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. त्या बँकेत आपल्याशी बोलतात कसं?

नवं खातं काढायला आम्ही दोघीजणी एका मोठ्या बँकेत गेलो होतो. साहेबांनी कागद बघितले, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मिस्टर नाहीत का आले?" मी म्हटलं, "मिस्टर मंडळाचे सभासद नाहीत." ते हसले, पण पुढे पाऊण तास ते आमच्याशी न बोलता आमच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होते. तिथे आम्ही खातं काढलं नाही. ज्या बँकेत आमच्या खजिनदाराला प्रश्न विचारायची भीती वाटेल, ती बँक कितीही भक्कम असली तरी आमच्या कामाची नाही. कारण भीतीमुळेच बायका म्हणतात, "जाऊ दे, ह्यांनाच पाठवते." आणि मग मंडळ बायकांचं आणि हिशेब पुरुषांच्या हाती, असं होऊन बसतं.

म्हणून मग बायकांचीच बँक शोधायची का? नावात महिला असली म्हणजे झालं, असं नाही. सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय महिला बँक काढली, ती १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीनही झाली. पण दुसरीकडे म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक बघा. चेतना सिन्हा यांनी साताऱ्यातल्या त्या दुष्काळी भागातल्या बायकांना घेऊन ही बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला होता, कारण पुष्कळशा बायका अंगठा उठवणाऱ्या. त्या बायका खचल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि आम्हाला व्याजाचं गणित घाला, तुमचे साहेब कॅल्क्युलेटरवर करतील आणि आम्ही तोंडी करू, असं सांगून आल्या. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. ज्यांना बँकेच्या दारात उभं करायला कुणी तयार नव्हतं त्यांनी बँक काढली, आणि आपण पदवीधर बायका पासबुक भरून आणायला नवऱ्याला पाठवतो!

तेव्हा खातं काढण्याआधी दोन-तीन बँकांत नुसतं जाऊन या. महिन्याच्या सुरुवातीला, गर्दीच्या दिवशी जा. म्हाताऱ्या पेन्शनर बाईशी तिथे कसं बोलतात ते बाकावर बसून बघा. तक्रार केली तर उत्तर मिळतं का ते जुन्या खातेदारांना विचारा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची चौकशी १४४४८ या नंबरवर करता येते. त्याचा खर्च काही नाही.

आणि एकदा निवडली म्हणजे कायमची, असंही नाही. १ एप्रिल २०२० ला कितीतरी बँका एकमेकींत विलीन झाल्या, पाट्या बदलल्या, आयएफएससी कोड बदलले. आमच्या पावत्यांवर वर्षभर जुनाच कोड छापलेला होता! दर वार्षिक सभेत 'आपली बँक' हा एक विषय ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या सहाजणींना मी काही सल्ला दिला नाही. आमची गोष्ट तेवढी सांगितली आणि प्रश्नांची यादी लिहून दिली. परवा त्यांचा फोन आला. तीन बँका फिरल्या. शेवटी कोपऱ्यावरची सोडून, रिक्षाने दहा रुपये लागतात अशा ठिकाणी खातं काढलं. पतसंस्थावाल्या चुलत दिरांचा राग आला आहे म्हणे. येऊ दे. तो राग परवडला.

आमच्या मंडळाच्या खजिनदार आता बाई आहेत. वय एकाहत्तर. निवडणूक झाली तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, आधी पासबुक आण." दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः बँकेत जातात, पासबुक भरून आणतात आणि सभेत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतात. सुरुवातीला आम्हाला कंटाळा यायचा. आता कुणी उठत नाही.